थांब्याच्या पुढं पन्नास पावलं

त्या बुधवारी सकाळी आम्ही दोघांनी फाट्यावरच्या लिंबाखाली बसून उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. बायको फोडून द्यायची, मी खायचो. माझ्या बोटांना पोत्याच्या सुतळीनं भेगा पडलेल्या, मीठ लागलं की झोंबायचं. म्हणून शेंगा तीच फोडायची. टरफलं पदरात गोळा करत होती. शेजारणीच्या बकरीला होतील म्हणली. आम्ही मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. त्याच्यानंतर आमच्या दोघांत साधं काही घडलंच न्हाई.

मंग जालन्याची गाडी आली.

फाट्यावर थांब्याचा लोखंडी खांब हाय. खांबाला पाटी हाय. गाडीनं खांबापाशी थांबायचं, असा कायदा. गाडी थांबली न्हाई. आमच्या पुढून गेली आन पन्नास पावलं पुढं जाऊन उभी राहिली. ही त्या लोकांची रीत. गाडी भरलेली असली की पुढं नेऊन थांबवायची. जो पळतो तो चढतो. म्हातारं माणूस, पोटुशी बाई, काठीवाला, हे आपोआप मागं राहतात. त्यांना कुणी चढू नको म्हणत न्हाई. म्हणायची गरजच पडत न्हाई.

माझ्या बायकोला पळता येत नव्हतं. तिला उभंच राहता येत नव्हतं. मी तिला पाठीवर घेतलं आन पळालो. साठीला टेकलेला माणूस मी. आयुष्यभर मंठ्याच्या अडतीवर हमाली केली, क्विंटलाचं पोतं उचललं. ती त्याच्या निम्मी बी नव्हती. पण पोतं घेऊन कुणी पळत न्हाई. पोतं घेऊन माणूस चालतो.

दारात कंडक्टर उभा होता. आम्हाला ओळखायचा. पोरगा माझ्या लेकाच्या वयाचा, मला लेक असता तर. तो म्हणला, "आला का पोतं घेऊन? टपावर टाक जा. हितं जागा न्हाई."

हे पहिल्यांदा नव्हतं. म्हणून आधी मागचं सांगतो.

तिचं नाव गया. जितेपणी मी नाव घेतलं न्हाई, आमच्यात घेत न्हाईत. आता घेतो. लहानपणी ताप आल्ता, त्यात तिचे दोन्ही पाय वाळले. तिला पाय नव्हते, मला शेत नव्हतं, असं आमचं लग्न जमलं. लोक म्हणले जोडा बराबर हाय. हसत म्हणले. लेकरू झालं न्हाई. घरात ती हातांवर चालायची. तळहाताला ट्यूबचं रबर बांधायची, मीच कापून दिल्तं. स्वयंपाक करायची, गोधड्या शिवायची. गावातल्या निम्म्या घरात तिच्या हातच्या गोधड्या होत्या. घराबाहेर जायचं तर माझी पाठ. लग्नाला, मयताला, माहेरी आष्टीला, सगळीकडं माझ्या पाठीवर. तिची जीभ मात्र पायांवर चालायची, पळायची सुद्धा. रस्त्यानं जाताना पाठीवरून बोलून राहायची. याचं ज्वारीचं वावर वाळलं, त्याची सून नवा पत्रा टाकून बसली. एखाद्या बाईनं कीव करत विचारलं, कसं गं होतं तुझं, तर म्हणायची, "माझं काय, मला चपला घ्याव्या लागत न्हाईत."

एक दिवस ग्रामसेवक घरी आल्ता. तो म्हणला, सरकार अपंगांना तीनचाकी सायकल देऊन राह्यलं. हातानं दांडा फिरवला की चालती. फक्त जालन्याच्या दवाखान्यातलं सर्टिफिकेट पाहिजे. बुधवारी सकाळी डाक्टर बसतात, दुपारी उठतात. माणूस स्वतः समोर पाहिजे.

गया त्याला म्हणली, "हातानं चालती? माझे हात बघा." आन पदर सारून दंड दाखवले. ग्रामसेवक लाजला.

तो गेल्यावर मी म्हणलो, कशाला पाहिजे सायकल, मी हाय की. खरं सांगतो, मला राग आल्ता. इतकी वर्षं वाह्यली आन आता हिला सायकल पाहिजे. तिनं तळहाताचं रबर सोडलं. मंग म्हणली, "तीस वर्षं झाली, तुमच्या मानेचा मागचा भाग बघून राह्यले. एकदा रस्ता समोरून बघायचाय. मंठ्याच्या बाजाराला एकटीनं जायचंय. तुम्ही संग यायचं न्हाई."

तिचं मागणं इतकंच होतं. एक बुधवार, दुपारच्या आत, जालना.

जालना निराळा जिल्हा झाला तेव्हा लोक म्हणायचे, आता सरकार जवळ आलं, सकाळी जायचं, संध्याकाळी परत. लोकांसाठी आलं असंल. आमच्या फाट्यापासून गाडीनं दोन-अडीच तास. गाडीत चढलं तर.

पहिल्या बुधवारी गाडी थांबलीच न्हाई. दुसऱ्या बुधवारी पुढं जाऊन थांबली, मी पळालो, पोचेपर्यंत सुटली. तिसऱ्या बुधवारी गाडी आमच्या फाट्यावरच पंक्चर झाली. खांबाच्या अगदी जवळ. गया म्हणली, "बघा, देवाला बी टायर फोडावा लागला." चाक बदलेपर्यंत माणसं खाली उतरून चहा प्यायला गेली. मी तिला घेऊन सावकाश चढलो. डाव्या हाताला एका बाकड्यावर रंगानं लिवलेलं, अपंगांसाठी राखीव. मी दुसरी शिकलेला, अक्षर जोडत वाचतो, पण ते वाचलं. बाकडं रिकामं होतं. त्याच्यावर एक रुमाल पडलेला.

तुम्हाला रुमाल माहीतच हाय. खिडकीतून टाकायचा, की जागा आपली. टोपी, पिशवी, काहीबी चालतं. त्याच्यावरून भांडणं होतात, पण रुमालाला कुणी खोटं म्हणत न्हाई. मी सुद्धा जन्मभर हेच केलं होतं. उपरणं खिडकीतून फेकायचो आन मंग ऐटीत चढायचो. त्या वेळेला वरती काय लिवलंय हे मी कधी वाचलं नव्हतं. हे बी सांगायला पाहिजे, म्हणून सांगतो.

मी रुमाल उचलून दांडीवर ठेवला आन गयाला बसवलं. ती खिडकीपाशी सरकली. बाहेर बघायला लागली. एवढ्यात एक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला माणूस आला. म्हणला, उठवा तिला. मी लिवलेलं दाखवलं. तो म्हणला, "पाटी सरकारची हाय. रुमाल माझा हाय."

मी कंडक्टरकडं बघितलं. कंडक्टर त्या माणसाला म्हणला, बसा मालक. मला म्हणला, "खाली बसव तिला. पाय दुखायची तर तिला भानगडच न्हाई."

लोक हसले.

मी तिला उचललं. मधल्या वाटेत, पत्र्यावर, माणसांच्या चपलांमध्ये बसवलं. कंडक्टर तिकीट द्यायला आला. माझ्या खांद्यावरचे घट्टे बघितले, म्हणला, हमाल का? मी हो म्हणलो. "मंग हे तुझं लगेज. लगेजचं तिकीट फाडू का हिचं?"

अख्खी गाडी हसली. मी बी हसलो.

हे सांगायला लाज वाटती. पण मी हसलो. अडतीवर शेठ काही बोलला की हमालानं हसायचं असतं. हसला न्हाई तर दुसऱ्या दिवशी पोतं दुसऱ्याच्या पाठीवर जातं. किती वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं, दात दिसले. गया खालून माझ्याकडं बघत होती. हसणाऱ्यांकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

तिथून जालन्यापर्यंत ती एक शब्द बोलली न्हाई. कंडक्टर पुढं जायचा, मागं यायचा, दर डावाला तिला ओलांडून जायचा. आमच्याकडं निजलेल्या लेकराला सुद्धा कुणी ओलांडत न्हाई, चुकून ओलांडलं तर परत उलटं ओलांडायला लावतात. तिनं डोक्यावरचा पदर धरून ठेवला होता, त्याचा बूट लागू नये म्हणून. नऊ डाव ओलांडलं. तिनं मोजलं होतं. मी मोजलं न्हाई, मी खिडकीबाहेर बघून राह्यलो.

पोचलो तेव्हा दुपार उलटल्ती. डाक्टर उठून गेल्ते. शिपाई चांगला होता. तिला पाणी दिलं, म्हणला बुधवारी या.

घरी आल्यावर दोन दिवस तिनं माझ्यासंग गरजेपुरतं बोलणं ठेवलं. भाकरी घ्या, दार लावा, एवढंच. तिसऱ्या दिवशी गोधडी शिवता शिवता, मान वर न करता म्हणली, "ते हसले त्याचं मला काही न्हाई. तुम्ही का हसलात?"

मी म्हणलो, भांडलो असतो तर खाली उतरवलं असतं.

"मंग उतरलो असतो."

तिनं सुईत दोरा ओवला. मला वाटलं होतं ती रडंल. रडली असती तर बरं झालं असतं, मी समजूत घातली असती आन माझी सुटका झाली असती.

मधले दोन बुधवार मी कामाचं निमित्त काढून टाळले. हे बी माझंच पाप. सहाव्या बुधवारी ती पहाटे उठून तयार होऊन बसली. इरकलीचं जपून ठेवलेलं लुगडं नेसली. शेंगा रात्रीच उकडून ठेवल्त्या. म्हणली, आज गाडीत शिरल्याबिगर मी वापस येणार न्हाई. मला कडक वाटलं ते. पण मनातून बरं बी वाटलं.

तर आता दारात कंडक्टर उभा, आन तो म्हणतोय पोतं टपावर टाक.

मी काय केलं? मी म्हणलो, "साहेब, जरा हात द्या."

साहेब म्हणलो मी त्याला.

तो म्हणला, "हात द्यायला मी काय तुझा गडी हाय?"

तेव्हा माझ्या कानामागून गया बोलली. मोठ्यानं न्हाई, पण गाडीतल्या माणसांना ऐकू जाईल असं. "राखीव जागेवर कोण बसलाय? त्याला उठव. वर माझी मी येते." तिला वाचता येत नव्हतं. पण कोणत्या बाकड्यावर लिवलंय ते तिनं मागच्या खेपेला खालून बघून ठेवलं होतं. तिनं हात लांबवला आन दाराची दांडी धरली. दुसऱ्या हातानं बी धरली. तिच्या हातांत ताकद होती, सगळं आयुष्य त्यांच्यावरच चाललं होतं. तिनं स्वतःला ओढलं. माझ्या पाठीवरचं वजन हलकं झालं. छातीपर्यंत ती आत गेली. मी खालून तिची कंबर धरून रेटत होतो.

कंडक्टरनं घंटीची दोरी दोनदा ओढली.

गाडी हलली. माझ्या हातातून तिचं लुगडं निसटलं. तिनं दांडी सोडली न्हाई. दहा-बारा हात गाडीनं तिला तसंच ओढत नेलं, ते वाळलेले पाय डांबरावर घासत, आन मंग ती पडली. कमरेवर पडली. तो आवाज कसा होता ते मी सांगणार न्हाई.

मागच्या काचेत तोंडं दिसली. चार-पाच. बघत होती. कंडक्टर दारातून वाकून म्हणला, "मागून रिकामी गाडी येतीय." 

मागून कधीच रिकामी गाडी नसती. हे त्याला बी माहीत, मला बी माहीत.

मंठ्याच्या डाक्टरनं बघितलं आन म्हणला, खुब्याचं हाड गेलं, जालन्याला न्या. मी काळ्या-पिवळ्या जीपवाल्याला विचारलं. तो म्हणला, आडवी न्यायची तर सहा माणसांची जागा जाती. गयानं ऐकलं. म्हणली, घरी न्या, आता कुणाच्या दारात न्हाई. मी बैलगाडीत तिचीच गोधडी अंथरून घरी आणलं. एका सकाळी गाड्यांच्या हापिसात जाऊन सांगितलं, असं असं झालं. टेबलावरचा माणूस म्हणला, पायच न्हाईत तर बाई दारात उभी कशी होती? कंडक्टरचा बिल्ला नंबर सांग. मला नंबर माहीत नव्हता. बिल्ला माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मी तिचे हात बघत होतो. तो म्हणला, नंबर न्हाई तर तक्रार न्हाई. मी उठून आलो. 

अकरा दिवस ती पडून होती. कण्हायची, पण बोलायची सुद्धा. ताप चढला. छाती भरली. शेवटच्या दिवशी तिचा भाऊ आष्टीहून आल्ता. त्याला म्हणली, "लोकं म्हणतील बाईचा हात सुटला. माझा हात सुटला न्हाई, त्यांना सांग. पडेपर्यंत मी धरून होते." मंग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं काहीतरी म्हणंल.  दुपारी गेली. दिवस मावळायच्या आत जाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आन धोतर झटकून निघालो. मेव्हणा दारात आडवा आला. "दाजी, सुतकात कुठं निघालात? राख अजून थंड झाली न्हाई. लोक भेटायला येतील." मी म्हणलो, येऊ दे, बसव त्यांना. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. तो माझ्या मागं थोडं आला, मंग थांबला.

फाट्यावर गेलो. खांबापाशी आठ-दहा माणसं उभी होती. त्यांनी मला बघून तोंडं पाडली, बाजूला सरकली. मी त्यांच्यात थांबलो न्हाई. खांबाच्या समोर, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

गाडी लांबून दिसली. हॉर्न वाजवत आली. मी हललो न्हाई. मला भ्या वाटलं, खोटं कशाला सांगू. ड्रायव्हरला वाटलं म्हातारा सरकंल. शेवटी त्यानं ब्रेक दाबला. इंजिनाची गरम हवा छातीला लागली इतक्या जवळ गाडी थांबली. बघितलं तर दार बराबर खांबासमोर.

ड्रायव्हरनं शिव्या दिल्या. कंडक्टर खाली उतरला. तोच. अजून त्याला काही माहीत नव्हतं. म्हणला, "काय रे हमाल, आज पोतं न्हाई आणलं?"

मी म्हणलो, "काल जाळलं."

तो एक पाऊल मागं सरकला. मंग गाडीतून माणसं ओरडायला लागली, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचं आणखी काही. त्याला धीर आला. मला बाजूला ओढायला त्यानं हात पुढं केला.

"शिवू नको. सुतक हाय."

त्याचा हात हवेतच राहिला. मागून दोन जण मला उचलायला आल्ते, ते बी जागच्या जागी थांबले. एकानं हात धोतराला पुसला, अजून लागला बी नव्हता तरी. सुतकाबितकाचं मला काही वाटत न्हाई. राखेला काय विटाळ. पण त्यांना वाटतं, हे मला माहीत होतं. हात द्या म्हणलो तेव्हा तिला कुणी हात दिला न्हाई. आता मला हात लावायला कुणी पुढं येईना. मी मनात म्हणलो, लई चांगलं. हेच वापरायचं.

खांबापाशी उभी असलेली माणसं चढली. कुणाला पळावं लागलं न्हाई. वस्तीवरची एक म्हातारी काठी टेकत अजून लांबून येत होती. लोक तिला ओरडले, जल्दी चल. मी म्हणलो, "सावकाश ये मावशी. गाडी कुठं जात न्हाई." ती खरंच सावकाश आली. वाटेत एकदा थांबली, दम खाल्ला. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. वाजवू दिला.

ती दारापाशी आली तेव्हा मी कंडक्टरला म्हणलो, राखीव जागेवरचा माणूस उठव आन हिला हात दे. मंग सरकतो.

तो म्हणला, पोलिसाला बोलावतो.

मी म्हणलो, "बोलाव. तो बी शिवंल का बघू."

त्यानं माझ्याकडं बघितलं, ड्रायव्हरकडं बघितलं. मंग म्हातारीच्या काखेत हात घालून तिला वर चढवलं. काचेतून मला एक माणूस उठताना दिसला. म्हातारी खिडकीपाशी बसली.

मी लगेच सरकलो न्हाई. कंडक्टर दारात यायची वाट बघितली. त्याचा बिल्ला आता नीट वाचला, एकेक आकडा, दोनदा. मंग म्हणलो, "सुतक दहा दिवसांचं. अकराव्या दिवशी मला ओढायचं तर ओढ, अंगावर गाडी घालायची तर घाल. मी हितंच हाय. रोज हाय."

त्यानं दोरी ओढली. मी बाजूला झालो. गाडी गेली.

मेव्हणा तोवर फाट्यापर्यंत आल्ता. म्हणला, दाजी, झालं न्हवं, चला आता घरी. मी म्हणलो, तू जा. दुपारची गाडी यायचीय.